चौदा मिलिमीटरची तूट

आमची शर्वरी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात वाढायची थांबली आणि मार्चपासून कमी व्हायला लागली. कमी म्हणजे अभ्यासात नव्हे, वजनातही नव्हे, उंचीत. आठ वर्षांची धडधाकट मुलगी दर आठवड्याला दोन मिलिमीटर या ठरीव गतीने बुटकी होत होती आणि माझ्याकडे त्याचा लेखी पुरावा होता. मी मुळात संशयी माणूस नाही. घराबाहेर पडताना मी कुलूप तीनदा ओढून बघतो आणि कोपऱ्यावरून एकदा परत येतो, पण त्याला काळजी म्हणतात. पुरावा समोर दिसत असताना गप्प बसणं मात्र मला जमत नाही.

मी भास्कर कवठेकर. मूळचा सांगलीचा, पण नोकरीमुळे अकरा वर्षं लखनौला. चिनहटच्या एका सरकारी कारखान्यात नियोजन विभागात आहे. कारखाना पंप काढतो, मी वक्ररेषा काढतो. कुठलीही वाढ आधी रांगते, मग धावते, मग दमते आणि शेवटी आडवी होते, हे आमचं शास्त्र. पंपांची मागणी असो, शहराची लोकसंख्या असो की कुंडीतला मनीप्लांट असो, सगळं या एकाच रेघेवरून चालतं. आमचे पंप गेली सहा वर्षं आडवं होण्याच्या टप्प्यावर आहेत आणि त्यानंतरचा टप्पा उतरणीचा असतो, हे मी वरिष्ठांना दरवर्षी लेखी कळवतो. ते दरवर्षी पोच देतात.

शर्वरीची उंची माझ्या टेबलावर आली ती नंदाताईमुळे. नंदाताई माझी थोरली बहीण, सांगलीला मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. त्र्याण्णवच्या दिवाळीत आम्ही तिच्याकडे गेलो, तेव्हा शर्वरीने तिला ‘बुआ’ म्हणून हाक मारली आणि पानातल्या भरल्या वांग्याकडे बोट दाखवून ‘ये सब्जी तीखी है क्या’ असं विचारलं. नंदाताईच्या हातातली पळी तशीच राहिली. घरात आम्ही मराठीच बोलतो, शर्वरीला सगळं कळतं, पण तोंड उघडलं की हिंदी. लखनौच्या अलीगंजात वाढलेल्या पोरीने दुसरं काय बोलावं? पण नंदाताईने जेवणं होईपर्यंत निकाल दिला, की मुलगी हातची चालली आहे, तिला जूनमध्ये चौथीला माझ्या शाळेत पाठवा, दहावीपर्यंत मी बघते. मी लगेच हो म्हटलं. मृणाल, म्हणजे माझी बायको, काहीच बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे तिचा होकार, असं मी धरून चालतो. त्याने वेळ वाचतो.

लखनौला परत येतो न येतो तोच ताईचं पत्र आलं. शाळेचा गणवेश शिवणारा शिंपी थंडीतच मापं मागतो, एक मेला कापड कापायला घेतो आणि एकदा जून उजाडला की कुणाच्या हाताला लागत नाही. तरी शर्वरी जूनपर्यंत केवढी होईल ते कळवावं. मृणाल म्हणाली, कळवायचंय काय, वाढत्या अंगाचं शिवा म्हणावं. चार बोटं आत दुमड घालायची आणि दरवर्षी उसवत जायची. अख्खा महाराष्ट्र असाच वाढला, हे मलाही मान्य आहे. मी स्वतः सातवीपर्यंत अशा चड्डीत वावरलो, की तिच्यात माझा धाकटा भाऊही मावला असता. पण ज्याने अठरा वर्षं भविष्याच्या रेघा काढल्या, त्याने पोटच्या पोरीसाठी चार बोटं अंदाजपंचे सोडायची? मला ते लागलं.

बैठकीच्या दाराच्या चौकटीवर शर्वरीच्या तिसऱ्या वाढदिवसापासूनच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्यांवरून मी रेघ काढली आणि नंदाताईला कळवलं, दहा जूनला एकशे पंचवीस सेंटिमीटर, एखादा मिलिमीटर इकडेतिकडे. मग ताळा पाहण्यासाठी दर रविवारी सकाळी मोजणी सुरू केली. शर्वरी तिच्या पायघोळ मॅक्सीत चौकटीला पाठ लावून उभी राहायची, मी तिच्या डोक्यावर सुताराचा गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, टेकवायचो आणि पेन्सिलीने खूण करायचो. जानेवारीअखेर आलेख वहीत होता. खुणा रेघेवर इतक्या चोख बसायला लागल्या, की फेब्रुवारीत मी तो मोठ्या कागदावर काढून बैठकीत कॅलेंडरशेजारी लावला. एकशे पंचविसावर तांबडी आडवी रेघ मारून तिच्यावर ‘सांगली’ असं लिहिलं. शर्वरीला समोर उभं करून समजावलं, की ही तुझी रेघ अशी चढत जाणार आणि इथे टेकली की तू आत्याकडे जाणार. तिने रेघेवरून बोट फिरवून बघितलं आणि ‘पक्का?’ असं विचारलं. मी म्हटलं, गणित आहे, पक्कंच असणार. तिची गणिताची आवड बघून मला फार बरं वाटलं.

त्यानंतरच्या दोन रविवारी खूण जागची हलली नाही. एकशे बावीस पूर्णांक सहा. तिसऱ्या रविवारी ती खाली आली.

पहिला संशय अर्थातच दुधावर गेला. आमचा दूधवाला रामसनेही गोड बोलतो आणि गोड बोलणाऱ्या माणसाबद्दल मी नेहमी सावध असतो. निशातगंजच्या बाजारातून मी दुधातलं पाणी ओळखणारी काचेची नळी आणली आणि त्याच्यासमोर पातेल्यात सोडली. नळी काय म्हणाली ते मला नीट वाचता आलं नाही, पण मी चेहरा गंभीर ठेवला. रामसनेहीचा अपमान झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हैसच दारात घेऊन आला आणि ‘लीजिए, अपनी आँख से देख लीजिए’ म्हणून आमच्या जिन्यापाशी धार काढायला बसला. हा प्रकार पंधरा दिवस चालला. म्हैस घरमालकांच्या गुलाबाच्या कुंड्यांशी काय वागली, ते पुढे येईलच. दूध चांगलं दाट आलं आणि शर्वरी आणखी चार मिलिमीटर उतरली.

मग सल्ले आले. मागच्या गल्लीत हणमंतराव शिंदे राहतात. मूळचे कराडचे, हवाई दलात वॉरंट ऑफिसर. त्यांनी शेकडो पोरांच्या उंच्या मोजून भरती केलेली, त्यामुळे त्यांचा शब्द मी मानतो. ते म्हणाले, पोरीला दांडीला लोंबकळत ठेवा, सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं. भरतीला दोन-दोन सेंटिमीटर कमी पडलेली पोरं आम्ही अशी ताणून आत घेतलीत. मी गच्चीवर दांडी बसवली. शर्वरीला लोंबकळायला आवडलं, गल्लीतल्या सगळ्या पोरांना आवडलं, पण रविवारी ती पुन्हा दोन मिलिमीटर कमी. हणमंतराव आकडे बघून उठले आणि निघताना मला म्हणाले, ‘कवठेकर, मोजणारा माणूस बदलून बघा.’ त्यानंतर महिनाभर मी त्यांच्या गल्लीतून गेलो नाही.

पण त्यांचं बोलणं एका परीने कामी आलं. मोजणारा चुकत नाही हे उघड होतं. तेव्हा मोजण्याचं साधन चुकत असणार. टेप मी दिवाळीनंतर नवीन घेतली होती, लोखंडी पात्याची, डबीत सुर्रकन जाणारी. विकताना दुकानदार हसला होता, तेही मला आता आठवलं. म्हणून एका सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी वजन-मापाच्या एका सरकारी कचेरीत गेलो. कुठल्या, ते सांगत नाही.

तिथल्या बाबूने टेप हातात घेऊन आधी माझ्याकडे बघितलं. आपण व्यापारी आहात का? नाही. टेपची पावती? नाही. मग टेप आपलीच आहे कशावरून? अकरा वर्षं या शहरात राहून एवढ्या सभ्य शब्दांत मला कुणी चोर म्हटलं नव्हतं. मी ओळखपत्र दाखवलं. तेव्हा तो म्हणाला, की साधनाची तपासणी ग्राहकाच्या सांगण्यावरून होत नाही. ग्राहकाला माल कमी मिळाला असेल तर तशी तक्रार करावी लागते, मग साधन आपोआप तपासलं जातं. त्याने एक फॉर्म दिला. ‘वस्तु, जिसमें कमी पाई गई’ असा त्यात रकाना होता. मी खोटं लिहीत नाही. मी लिहिलं, ‘बेटी’. पुढच्या ‘कमी की मात्रा’ या रकान्यात, ती आलेखातल्या रेघेच्या जितकी खाली होती तेवढं लिहिलं, ‘चौदह मिलीमीटर’. त्याखाली ‘विक्रेता का नाम व पता’ होतं, ते मी कोरं सोडलं.

बाबूने फॉर्म दोनदा वाचला, शेजारच्या टेबलावर दिला, तिथून तो पलीकडच्या टेबलावर गेला आणि बघता बघता सगळी कचेरी माझ्याभोवती जमली. कुणी हसलं नाही, हे लखनौचं मोठेपण. एका वयस्क बाबूंनी मला खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि फार हळू आवाजात विचारलं, ‘घर में सब ख़ैरियत तो है?’ मी टेप परत घेतली आणि ताठ मानेने बाहेर आलो. जिना उतरताना वर हसू फुटल्याचा आवाज आला.

परतताना बसमध्ये मी शांतपणे विचार केला. दूध दाट, टेप सरकारने चुकीची ठरवलेली नाही, मोजणारा मी. उरली ती जमीन. शर्वरी जिथे उभी राहते तिथली फरशी खचत असेल, तर चौकटीवरची खूण खाली येणारच. घरमालक रस्तोगीजी खालच्या मजल्यावर राहतात. या माणसाने घर बांधताना खाली काय भरलं असेल, हा विचार मनात येताच मी बसमध्येच वही काढली. मी त्याच संध्याकाळी बैठकीची फरशी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मोजून, खडूने चौकोन आखून, प्रत्येक चौकोनाची पातळी वहीत टिपायला सुरुवात केली.

खिडकी उघडी होती. समोरच्या घरातून कुणीतरी बघितलं आणि अर्ध्या तासात रस्तोगीजींपर्यंत बातमी गेली, की किरायेदार मकान की नाप ले रहा है. लखनौमध्ये घरमालकाच्या कानावर यासारखी दुसरी वाईट बातमी नाही. भाडेकरूने एकदा जमीन मोजली, की तो पुढे कोर्टात दिसतो अशी तिथली समजूत आहे. रस्तोगीजी वर आले ते वकील पुतण्याला घेऊनच. मी त्यांना मनापासून समजावलं, की जागेवर माझा डोळा नाही, फक्त माझी मुलगी लहान होत चालली आहे. पुतण्याने ते वाक्य लिहून घेतलं. रस्तोगीजींनी भिंतीवरच्या आलेखाकडे बोट दाखवून विचारलं, ही तांबडी रेघ काय आहे, कितने फुट तक का इरादा है? मी म्हटलं, ती सांगली आहे. सांगली कोण, असं पुतण्याने विचारलं. यानंतर बोलणं म्हशीवर आणि तिने कुंड्यांसकट फस्त केलेल्या गुलाबांवर गेलं आणि मग ते कुणाच्याच हातात राहिलं नाही. आठ दिवसांनी मला वकिली नोटीस आली. तीत ‘संदिग्ध नाप-जोख’, म्हणजे संशयास्पद मोजमाप, असे शब्द होते.

या सगळ्या काळात मृणाल काही बोलली नाही. ती फक्त मधूनमधून माझ्याकडे बघायची आणि पुन्हा शिवणाच्या मशिनीवर बसायची. मी एकटा कागदावर बसलो होतो. उतरण पुढे वाढवून पाहिली, तेव्हा याच वेगाने दोन हजार पाचच्या नोव्हेंबरात शर्वरीची उंची शून्य होत होती. मतदानाचा हक्क मिळून फार तर एक निवडणूक. असल्या आकड्यांना एरवी मी हसलो असतो, पण त्या दिवशी कागद मिटून ठेवला आणि खाटेवर पाय हलवत वाचत बसलेल्या शर्वरीकडे बराच वेळ बघत राहिलो. पहिल्यांदाच मला खरोखरची भीती वाटली. आजार असेल तर? मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ती म्हणाली, ‘क्या हुआ बाबा?’ मी काही नाही म्हटलं.

डॉक्टरांकडे जायचं ठरवलं, पण त्याआधी एप्रिलातला तो शनिवार आला. शर्वरीला मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचं होतं, म्हणून तिने ट्रंकेतला उन्हाळी फ्रॉक काढला. गेल्या सप्टेंबरपर्यंत गुडघे झाकणारा फ्रॉक चांगला तीन बोटं वर आला होता. माझ्या मनात लगेच छेदीलाल आला. छेदीलाल आमचा धोबी, कोपऱ्यावर इस्त्रीची टपरी आहे त्याची. कपडा उकळून आखडवणारे लोक मी ओळखतो. शर्वरी घरी येताच मी फ्रॉक घेऊन टपरीवर गेलो आणि त्याला चारचौघांत जाब विचारला.

छेदीलालने इस्त्री उभी केली, फ्रॉक टेबलावर पसरला, खालची दुमड उलटी करून शिवण पाहिली. मग म्हणाला, ‘बाबूजी, कपड़ा बेचारा वही है. बिटिया बढ़ गई है. आप ही ने नहीं देखा.’

मी अर्थातच विश्वास ठेवला नाही. घरी येऊन मृणालच्या शिवणाच्या वहीत त्या फ्रॉकचं माप शोधलं. उंची सव्वीस इंच. फ्रॉक मोजला. सव्वीस इंच. कापड आखडलेलं नव्हतं. म्हणजे मुलगी वाढली होती. आणि आलेख म्हणत होता, ती कमी झाली. दोन्ही खरं असू शकत नाही, एवढं गणित मलाही येतं. कुणीतरी खोटं बोलत होतं, आणि पहिल्यांदाच संशय घ्यायला घराबाहेर कुणी उरलं नव्हतं.

रविवारी सकाळी मी शर्वरीला म्हटलं, आज मॅक्सी नको, तो फ्रॉक घालून उभी राहा. मृणाल स्वयंपाकघरातून लगबगीने म्हणाली, की फ्रॉकला इस्त्री नाही, मॅक्सीतच उरका. मी म्हटलं, इस्त्री उंचीत धरत नाहीत. शर्वरी आईकडे बघत राहिली, मग आत जाऊन फ्रॉक घालून आली आणि चौकटीला पाठ लावून उभी राहिली. मी नेहमीप्रमाणे तिच्या डोक्यावर गुण्या ठेवला. इतके रविवार माझी नजर तिथेच असायची. आमच्या विभागात रेघेचं वरचं टोकच बघायची पद्धत आहे. त्या दिवशी मी खाली बघितलं. फ्रॉकखाली दोन गुडघे पुढे आले होते आणि थरथरत होते.

मी म्हटलं, ‘गुडघे सरळ कर.’

तिने केले. डोक्यावरचा गुण्या वर उचलला गेला आणि तिरका होऊन खाली पडला. मी चौकटीवर हाताने खूण धरली, टेप लावली. एकशे तेवीस पूर्णांक आठ. त्या रविवारचा माझा नोव्हेंबरातला अंदाज होता एकशे तेवीस पूर्णांक नऊ. अठरा वर्षांच्या नोकरीत माझा एकही अंदाज इतका बरोबर आला नव्हता. मी पेन्सिल हातात धरून उभा राहिलो आणि मला एवढासासुद्धा आनंद झाला नाही.

शर्वरी रडत नव्हती. खाली बघत, एकेक शब्द जपून ठेवावा तसा ठेवत ती मराठीत म्हणाली, ‘मी तिथपर्यंत पोचले की तुम्ही मला पाठवणार ना. म्हणून मी नाही पोचले.’

मी मृणालकडे वळलो. ती दारात उभी होती. तिच्यामागे खुंटीवर शर्वरीने आत्ताच काढलेली मॅक्सी होती आणि त्या मॅक्सीच्या दोन्ही बाजूंना त्याच कापडाच्या नव्या पट्ट्या लावून घेर वाढवलेला मला स्पष्ट दिसत होता. वाकलेले गुडघे लपायला तेवढा घेर लागतोच. दोन महिने मशीन कशासाठी चालत होती ते मला समजलं.

‘मला सांगायचं तरी,’ मी म्हटलं.

‘कधी?’ ती म्हणाली. ‘तुम्ही दूधवाल्याला विचारलंत, टेपला विचारलंत, फरशीला विचारलंत. आम्हा दोघींपैकी एकीला तरी विचारलंत का, की जायचंय का, पाठवायचंय का?’

मला राग यायला हवा होता. आमची सगळी गल्ली, एक सरकारी कचेरी आणि एक वकील यांच्यासमोर माझी शोभा झाली होती आणि घरातली दोन माणसं ती मुकाट्याने बघत बसली होती. पण शर्वरी अजून चौकटीलाच उभी होती, सरळ, आणि पुढच्या शिक्षेची वाट बघत होती. आठ वर्षांच्या पोरीने आठवड्याला दोन मिलिमीटर या हिशेबाने स्वतःला खाली ओढलं होतं, एकदाही न चुकता, आणि मी त्याच्यावर कागद काळे करत होतो. मला माझीच लाज वाटली. मी तिला जवळ घेतलं. ती चांगली माझ्या छातीपर्यंत आली होती.

त्याच दिवशी जेवणानंतर मी नंदाताईला पत्र लिहायला बसलो. आधी लिहिलं, की काही तांत्रिक कारणांमुळे उंचीचा अंदाज मागे घेत आहे, तरी गणवेश तूर्त शिवू नये. मृणालने खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, खरं लिहा. मी कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, ‘ताई, शर्वरी येणार नाही. तिला यायचं नाही, आणि ती गेली तर आम्हाला करमणार नाही. तिचं मराठी इथेच काय व्हायचं ते होईल. रागावू नकोस.’ एवढं लिहायला मला पाऊण तास लागला.

मृणालने पत्र घेऊन पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं, माझ्यादेखत पाकिटात घातलं, स्वतः चिकटवलं आणि पत्ता पुन्हा एकदा तपासला. मी म्हटलं, उद्या ऑफिसला जाताना टाकतो. ती म्हणाली, राहू दे. तिने चपला घातल्या, शर्वरीचं बोट धरलं आणि भर उन्हात दोघी पोस्टाच्या पेटीकडे निघाल्या. माझ्यावर तिचा भरवसा नव्हता, आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही.